बारा वाड्यांची सभा

मुलांनो आणि मोठ्यांनो, फार फार पूर्वी एका नदीकाठी नऊ घरे होती. काही ठरवायचे असले की सगळी माणसे एका उंबराखाली बसत. प्रत्येकाचे बोलणे प्रत्येकाला ऐकू येई. मग हात वर होत. ज्या बाजूला हात जास्त, तसे ठरे.

पुढे घरे वाढली. वस्ती डोंगरापलीकडे गेली आणि बारा वाड्या झाल्या. रीत मात्र तीच राहिली. ज्याला बोलायचे, त्याने उंबराखाली यावे.

एका वर्षी सभेने नदीवर बांध घालायचे ठरवले. त्याच्या पाण्यात वरच्या वाडीची शेते बुडणार होती. वाडीला हे कळले, ते बांधाचे दगड रचू लागले तेव्हा.

त्या वाडीतली हौसाक्का दोन दिवस चालून सभेला आली. हजार माणसे जमली होती. ती जीव तोडून बोलली, पण मागच्यांना एक शब्द ऐकू गेला नाही. पुढच्यांनी बांधासाठी हात वर केले, म्हणून मागच्यांनीही केले.

"अक्का, सभा सगळ्यांना खुली आहे," सभेचे कारभारी म्हणाले. "तुमची माणसं आली नाहीत, त्याला आम्ही काय करणार?"

"खुली आहे, पण वाट दोन दिवसांची आहे, कारभारी. लेकुरवाळ्या बायांनी कसं यावं?"

हौसाक्का घरी परतली. वाडीतले लोक संतापून म्हणाले, "आपण वेगळे होऊ."

"आणि नदी? ती कशी वेगळी कराल?" असे म्हणून ती पुन्हा निघाली. एकेक वाडी गाठून ती सांगे, "आपल्या वाडीपुरतं आपणच ठरवू. नदी आणि रान सगळ्यांचं. त्यासाठी आपलं माणूस निवडून पाठवू. त्यानं आपलं म्हणणं मांडावं आणि परत येऊन काय झालं ते सांगावं. नाही सांगितलं, तर दुसरं पाठवू."

मोठ्या वाडीतले चिडले. "आम्ही तीनशे, तुम्ही चाळीस! मग माणसं सारखीच का?"

"तुम्ही जास्त पाठवा. पण ज्याचं शेत बुडणार, त्याचं ऐकल्याशिवाय हात वर करू नका."

तिचे पाय सुजले, लोक हसले, पण तिने एकही वाडी सोडली नाही.

अखेर सगळ्या वाड्या कबूल झाल्या आणि सव्वीस निवडलेली माणसे गोल करून बसली. बुडणारी शेते किती, ते कारभाऱ्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकले. दोन दिवस वाद झाला. बांध खाली सरकवायचे ठरले. एका वर्षाचे काम वाढले, पण शेते वाचली आणि खालच्यांना पाणीही मिळाले.

सगळेच हौसाक्काच्या मनासारखे झाले नाही. रान दोन वर्षे चराईला बंद ठेवायचे ठरले. तिच्या वाडीला ते फार जड गेले. तरी वाडीने ते पाळले, कारण त्यांचे म्हणणे आधी ऐकून घेतले होते.

तात्पर्य : लोक वाढले आणि मुलूख पसरला, की सभेलाच लोकांपर्यंत चालत जावे लागते.