बयजाईचं जांभूळ

तुमच्या आज्याचा आजा रांगत होता, तेव्हाची ही गोष्ट. पिंगळवाडीत लागोपाठ तीन वर्षं पाऊस झाला नव्हता. असं म्हणतात, की नदीत माशांचे काटे तेवढे उरले होते आणि साऱ्या गावाला एकाच विहिरीचं पाणी उरलं होतं.

त्या गावात बयजाई नावाची कुंभारीण राहायची. बाईनं चाकाला हात लावायचा नाही, अशी तेव्हाची रीत. पण नवऱ्याचं तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी बयजाई चाकावर बसली. अशी ती बाई! तिच्या परसात सासऱ्यानं लावलेलं जांभूळ होतं, बारा महिने हिरवंगार. त्या वर्षी मात्र त्याची पानं वळली, करपली आणि गळून गेली.

गावच्या पाटलांनी हुकूम काढला. विहिरीचा थेंबही झाडाला द्यायचा नाही. अक्षयतृतीया झाली, की दुसऱ्या दिवशी जांभूळ तोडायचं आणि लाकूड मसणवटीसाठी रचून ठेवायचं.

बयजाईनं पाटलांच्या देखत नखानं साल खरवडली. आत हिरवं होतं.

"मेलं न्हाई त्ये, पाटील. तान्हेलंय."

"तान मानसास्नीबी लागलीया," पाटील म्हणाले आणि चालू लागले.

आता अक्षयतृतीयेला आपल्याकडं पितरांच्या नावानं पाण्याचा घडा पुजतात, आणि गावाचे सगळे घडे बयजाईच्याच हातचे. तिनं त्या साली मातीत भुसा जास्त मिसळला, म्हणजे भाजल्यावर घडा पाझरावा. मग दारात उभी राहून ती म्हणाली, "घडा पायजे त्यानं पुजून माझ्या परसात पुरायचा. न्हाईतर घडा न्हाई."

गाव खवळलं. पितरांचं पाणी झाडाला?

"माझा सासरा झाड लावून गेला. त्यो पानी प्यायला आनी कुठं जाईल? तुमची म्हातारी मानसंबी ह्याच सावलीत बसून गेल्यात!"

मग अक्षयतृतीयेला पुजलेले घडे घेऊन आधी बाया आल्या, मागून पुरुष आले. पाणी बुंध्याशी ओतायला निघालेल्यांना बयजाईनं हाताला धरून मागं ओढलं. झाडाची सावली पडायची तिथवर मुळं पसरलेली असतात, हे तिला ठाऊक होतं. तिथं तिनं झाडाभोवती गोल रांगेत खड्डे घेतले, चाळीस घडे गळ्यापर्यंत पुरले आणि वर पाचोळा अंथरला. पाटलांनी तेवढा तांब्याचा कलश पुजला आणि घरातच ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाटील कुऱ्हाडवाल्यांना घेऊन आले. पाहतात तो सगळे घडे रिकामे! पितर पाणी प्यायले, असं गाव म्हणू लागलं. आता घडा कोरडा ठेवायची कुणाची छाती? लोक आपल्या तोंडचं पाणी आणून ओतू लागले आणि कुऱ्हाडवाले मान खाली घालून परत गेले.

असं म्हणतात, की सातव्या दिवशी जांभळाला तांबूस पालवी फुटली. ज्या घरानं घडा दिला, त्या घराकडची फांदी हिरवी झाली. पाटलांच्या घराकडची मात्र काडीसारखी कोरडी. तेव्हा पाटलांची थकलेली आई कमरेवर घडा घेऊन स्वतः आली. लेक आडवा आला, तर त्याला म्हणाली, "सर बाजूला. तुझा बा तिथं तान्हेला बसलाय." दुसऱ्या सकाळी तीही फांदी फुटली.

जांभूळ अजून उभं आहे. दर अक्षयतृतीयेला घरोघरचे घडे तिथं पुरतात, पहिला पाटलांच्या घरचा. प्रत्येक जण आपापल्या पितरांची नावं घेतो आणि शेवटी सगळे मिळून बयजाईचं नाव घेतात. तिला मूलबाळ नव्हतं. तिच्या मागं पाणी द्यायला कोण आहे, असं गाव तिच्या तोंडावर विचारायचं. आज सव्वाशे घरं देतात.