हलवायची नाही ती खुर्ची

"...आणि हे मागे काय उभं केलंयस? घरात कुणी आजारी आहे का?"

अख्तरबाई अजून दारातच होत्या.

"सलाईनचे स्टँड आहेत, बाई. भंगारातून आणले. वर-खाली होतात."

"आणि बाटल्या?"

"बाटल्यांच्या जागी स्पीकर लटकवलेत."

बाईंनी चपला काढल्या आणि आत आल्या. सगळं आयुष्य रेडिओत गेलेलं. निवृत्तीनंतर त्यांनी कॉलेजात ध्वनिमुद्रण शिकवलं. इंद्रजित त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. हे इंद्रजितलाही माहीत होतं.

खोली भाड्याची. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, ही मालकाची अट.

"भिंत खराब होते म्हणे!" इंद्रजित तडकून म्हणाला. "माणसं खराब झाली तर चालतात या लोकांना. भिंत नाही."

म्हणून त्यानं सगळं खिळ्यावाचून उभारलं होतं. टेबलाच्या कडेला क्लॅम्प, क्लॅम्पमध्ये टेबललॅम्पच्या वाकणाऱ्या माना, आणि दिवे काढून त्यांच्या जागी पुढचे दोन स्पीकर. मधला स्पीकर स्क्रीनखाली पाटावर. मागचे दोन सलाईनच्या स्टँडवर, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलेले.

"हवे तसे वळतात?"

"हवे तसे. वर, खाली, आत, बाहेर. सगळं हलतं."

बाईंनी मधली खुर्ची ओढायला हात घातला.

"ती नाही!" इंद्रजित ओरडलाच. "ती हलवायची नाही, बाई. सगळी मापं तिथूनच घेतलीत."

बाईंनी खाली पाहिलं. खुर्चीच्या पायांभोवती फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा होत्या.

"बरं," म्हणाल्या आणि बसल्या.

"काय ऐकवतोयस?"

"खडकमाळ वस्तीची जनसुनावणी. कचरा डेपोची. सगळ्या शहराचा कचरा त्यांच्या दारात जळतो, बाई. पोरं खोकून खोकून बेजार झालीत. सुनावणीत बायका बोलायला उठल्या, तर माइक बंद केला! माझ्या डोळ्यांसमोर. एवढा निर्लज्जपणा..." हातातला पाना त्यानं टेबलावर आपटला. "उद्या नाट्यगृहात सगळ्या शहरासमोर हे वाजवणार आहे. ऐकू देत सगळ्यांना."

"मग मला कशाला बोलावलंस?"

"सोजरबाईंमुळे."

"त्या कोण?"

"वस्तीतल्या. सुनावणीत सगळ्यांच्या पुढे त्याच होत्या. काल त्यांना याच खुर्चीत बसवून ऐकवलं. अर्ध्यात उठल्या. म्हणाल्या, 'साहेब काय खणखणीत बोलतोय रं, पोरा!' चहाही घेतला नाही. दारातून म्हणाल्या, 'उद्या वस्तीतलं कुनी येनार न्हाई.'"

"मग तू काय केलंस?"

"भंगारवाल्याकडे गेलो."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

"काल मागचे स्पीकर कॉटवर होते, बाई. बायकांचा आवाज गादीतच मुरत होता. म्हणून हे स्टँड. पण अजून काहीतरी चुकतंय. तुमचा कान पाहिजे."

"लाव."

समोरून सुनावणी घेणाऱ्या साहेबांचा घसा साफ झाला. मग धीमा, भरदार आवाज आला. "सर्व बाबी निकषांनुसारच आहेत..." मागून मंडपाची कापडं फडफडली. एक पोर खोकलं. बायकांची गलबल झाली आणि त्यातून सोजरबाईंचा फाटका आवाज, "आमचं पन ऐका की वो सायेब!"

बाई डोळे मिटून बसल्या होत्या.

इंद्रजितनं स्टँडचा स्क्रू सैल केला आणि मागचे स्पीकर बाईंच्या कानाच्या उंचीला आणले. "आता?"

"बायका मागे आहेत."

त्यानं ते जवळ सरकवले. थोडे आत वळवले. "आता?"

"मागेच आहेत."

"मागेच असणार ना!" त्याचा आवाज चढला. "मुख्य बोलणारा समोर, जमाव मागे. नियमच आहे तो. तुम्हीच शिकवलात!"

"हो," बाई म्हणाल्या. "मीच शिकवलं."

हे त्या रागानं म्हणाल्या. पण राग त्याच्यावर दिसत नव्हता.

बाईंनी डोळे उघडले.

"सुनावणीत साहेब कुठे बसले होते?"

"स्टेजवर."

"बायका?"

"मागे. मंडपात, खाली सतरंजीवर."

"आणि तू?"

"पहिल्या रांगेत. पत्रकारांसाठी खुर्च्या ठेवल्या होत्या."

"तोंड कुणीकडे करून?"

"स्टेजकडे! आणखी कुणीकडे करणार?"



तेवढ्यात डावीकडच्या लॅम्पची मान वजनानं हळूहळू वाकू लागली. स्पीकर टेबलाला नमस्कार घातल्यासारखा खाली गेला. इंद्रजितनं त्याला एक चापट मारली.

"त्याला कशाला मारतोस? त्याचा जन्म बल्बसाठी झालाय."

"हसू नका, बाई!" इंद्रजित उसळला. "दोन महिने राबतोय मी. वस्तीत राहिलो, धूर खाल्ला, एकेक श्वास वेगळा काढला त्या आवाजातून. आणि ज्यांच्यासाठी केलं, त्याच उठून जातात? या शहराला ऐकायचंच नाही. त्या साहेबांना नाही, मालकाला नाही, आणि आता... आता तुम्हालाही नाही! मी किती ओरडायचं?"

"तू कुठे ओरडतोयस?" बाईंनी अंगठा खांद्यावरून मागे दाखवला. "ओरडतायत त्या."

इंद्रजित धुमसत होता.

"तो पाना दे इकडे."

त्यानं दिला. त्याला वाटलं, शेवटी बाई स्वतः स्टँड लावून देणार. बाईंनी पाना टेबलाच्या खणात टाकला आणि खण लोटून बंद केला.

मग त्या उठल्या. दोन्ही हातांनी त्यांनी खुर्ची धरली.

"बाई, ती नाही... बाई! मापं!"

खुर्ची फरशीवर किंचाळत फिरली. चिकटपट्टी उचकटली, तिचा एक तुकडा खुर्चीच्या पायाला लोंबत राहिला. स्क्रीन पाठीमागे गेला. टेबल पाठीमागे गेलं. एवढ्या निगुतीनं वळवलेली लॅम्पची मानसुद्धा पाठीमागे गेली.

बाई बसल्या. आता त्यांचे गुडघे सलाईनच्या स्टँडला टेकले होते.

"उलट्या बसलात तुम्ही," इंद्रजित म्हणाला. राग अजून होता, पण आवाज खाली आला होता.

"पहिल्यापासून लाव."

त्यानं लावलं.

मंडप फडफडला. पोर खोकलं, अगदी समोर, हात पुढे केला तर त्याच्या पाठीला लागेल इतक्या जवळ. बायका एकमेकींना दटावत होत्या, "तू बोल", "न्हाई, तू बोल". ही कुजबुज इंद्रजितनं स्वतः मुद्रित केली होती, स्वतः साफ केली होती. त्यानं ती आज पहिल्यांदा ऐकली.

मग सोजरबाई बोलू लागल्या. समोर बसलेलं माणूस हळू बोलू लागलं की आपण जसे झुकतो, तशा अख्तरबाई पुढे झुकल्या.

पाठीमागून भरदार आवाज आला. "सर्व बाबी निकषांनुसारच..."

बाईंनी मान वळवली नाही. फक्त हात वर केला.

"इंद्रजित."

"जी?"

"ते मागे कोण बोलतायत, त्यांना म्हणावं जरा थांबा. या बाई काय सांगतायत, ते ऐकू येत नाहीये."