सर्व्हरवरचे अठ्ठ्याऐंशी महाराज

सोनखांबच्या रणधवल महाराजांचं इंटरनेट भर सकाळी अडकलं. पडद्यावर हत्तींची शर्यत चालली होती आणि महाराजांचा हत्ती शेवटच्या वळणावर एक पाय उचलून जो थांबला, तो थांबलाच.

महाराजांनी हौसाला बोलावलं. हौसा कुंभाराची लेक. राजवाड्याच्या नेटवर कोण शिरतं, कोण बाहेर पडतं, हे सर्व्हरवर पाहणं तिचं काम.

"नेटला काय धाड भरली?"

"गर्दी झालीय, महाराज. या घटकेला आपल्या नावाने अठ्ठ्याऐंशी जण आत आहेत."

"माझ्या नावाने?"

"वेगवान नेट 'महाराज' या नावालाच मिळतं ना. आपण पासवर्ड दिवाणजींना सांगितलात, त्यांनी मेहुण्याला, मेहुण्याने सेनापतींना. आता मुदपाकखान्यातही तोच चालतो."

दिवाण त्र्यंबकपंतांनी हातातला मोबाइल हळूच उपरण्याखाली सरकवला.

"सगळ्यांना हाकलून दे," महाराज म्हणाले. "मात्र तुझ्या हातून माझं कनेक्शन क्षणभरही तुटता कामा नये."

"पण सर्व्हरवर अठ्ठ्याऐंशी वेळा 'महाराज' एवढंच दिसतं. खरे कोणते, ते कळत नाही. पासवर्ड बदलू?"

"मुळीच नाही. मला तेवढा एकच पाठ आहे."

"आणि चुकून महाराज तुटले, तर हिची नोकरीही तुटावी," दिवाणजींनी पुस्ती जोडली.

"मान्य. दुपारपर्यंत मुदत."

हौसाचं घर तिच्याच पगारावर चालत होतं. परत जाताना देवडीवर अर्ज घेऊन बसलेल्या गर्दीतून एका म्हाताऱ्याने तिला हटकलं.

"बाई, महाराज भेटतील का? तीन दिवस झाले. जो तो म्हणतो, महाराज कामात आहेत."

हौसा थबकली. "किती जण आहात, बाबा?"

"सातशे तरी असू."

हौसा धावतच सर्व्हर-खोलीत गेली आणि तिने अठ्ठ्याऐंशी पडद्यांवर एकच निरोप धाडला : 'जे जे महाराज या नावाने आत आहेत, त्यांनी तडक सदरेवर येऊन रयतेचे अर्ज ऐकावेत. अर्जदार सातशे. मध्ये जेवणाची सुट्टी नाही.'

आकडा घसरू लागला. साठ. बावीस. चार. एक. आणि थोड्या वेळाने शून्य.

महाराजांचा पडदाही बंद दिसताच दिवाणजी आनंदाने ओरडले, "महाराज तुटले! बोलवा तिला!"

हौसा हात जोडून उभी राहिली. "मी कुणालाच तोडलं नाही, महाराज. सगळे आपापल्या पायांनी बाहेर पडले. सत्त्याऐंशी जण पहिल्याच मिनिटात पळाले. एक तेवढे पाच मिनिटं थांबून गेले. ते आपण."

"मीच, हे कशावरून?"

"रयतेचं नाव वाचून पळण्याआधी ज्यांना थोडा तरी विचार पडला, ते खरेच महाराज असणार."

महाराजांच्या मिशा थरथरल्या, आणि मग ते असे खदखदून हसले की डोक्यावरचा मंदिल कानावर आला. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाला दिलं, नेटचा सगळा कारभार तिच्या हाती सोपवला आणि ते सदरेकडे निघाले.

"पंत, तुम्हीही चला," ते म्हणाले. "इतके दिवस माझं नाव वापरलंत. पहिले शंभर अर्ज तुमचे."