कापराची कोठी

औषधविद्येत माझ्याइतका जाणता माणूस पंचक्रोशीत सापडायचा नाही. म्हणजे सर्दी झाली की नाक वाहतं, इथपर्यंत माझं ज्ञान पक्कं आहे. पुढचं बायको सांगते. तरी ऐका.

एकदा एक वृद्ध वैद्यबुवा होते आणि त्यांचा एक शिष्य होता. बुवांच्या घरामागे कापराची कोठी होती. कुणाची छाती दाटली, सांधे आखडले, की बुवा कापराचं तेल बोटाच्या टोकावर घेऊन चोळत आणि माणूस सुस्कारा सोडून उठे. हे पाहून पाहून शिष्य हुशार झाला होता. नुसतं पाहून होतात तेवढाच.

एके सकाळी एक व्यापारी आला. घरी तान्हा नातू, नाक चोंदलेलं, रडणं थांबत नव्हतं.

"बुवा, हवा तेवढा कापूर द्या."

"या वयाला कापूर नाही. आईचं दूध पाजत राहा, नाक पुसत राहा," एवढं बोलून बुवा स्नानाला निघाले. शिष्याने कारण विचारलं, तर नुसते हसले. गोष्टीतल्या म्हाताऱ्यांना हे शोभतं. मी हसलो की लोक उरलेले दात मोजतात.

शिष्याला व्यापाऱ्याची दया आली. त्याने मागच्या दाराने एक कुपी आणि कापराची पुरचुंडी त्याच्या हाती ठेवली. "तेल नाकाला, छातीला चोळा. पुरचुंडी पाळण्याला, अगदी तोंडाजवळ बांधा."

दुपारी मात्र त्याला राहवेना. "बुवा, एवढी कोठी भरलेली, आणि लेकराला चिमूटभर नाही?"

बुवांनी कोठीचं दार उघडलं. "आत जा. जे जिवंत सापडेल ते घेऊन ये."

शिष्य आत गेला. कोपऱ्यात जाळं नव्हतं. भिंतीवर पाल नव्हती. तुळईत भुंगा कुरतडत नव्हता. बाहेर किडे किरकिरत होते. उंबऱ्याच्या आत तो आवाज जणू कुणी कापून टाकला होता. त्याला श्वास ऐकू येऊ लागला. आपलाच असावा, असं त्याने स्वतःला सांगितलं. डोकं गरगरू लागलं तसा तो धडपडत बाहेर आला.

"आत काहीच जिवंत नाही, बुवा."

"तू होतास की."

"मी... मी मोठा आहे."

"म्हणून बाहेर आलास. कापराला शत्रू कळत नाही, मित्र कळत नाही. कपड्यातल्या कसरीला मारतो तोच तुझा कफ मोकळा करतो. तो फक्त समोरचं अंग केवढं आहे ते बघतो."

शिष्याचा चेहरा पांढरा पडला. "बुवा, तान्हं बाळ केवढं असतं हो?"

धोतर सावरत म्हातारा धावत सुटला, मागोमाग शिष्य.

व्यापाऱ्याच्या घराला गाभाऱ्याचा वास येत होता. सून पाळणा हलवत होती. ओठांवर बोट ठेवून ती हसली. "हळू बोला. सकाळपासून आत्ता कुठे गप्प झालाय."

दोरीवरून उतरणारी मुंग्यांची रांग पाळण्यापाशी येऊन परत फिरली होती. बाळाचे डोळे अर्धे उघडे होते.

बुवांनी पुरचुंडी तोडून अंगणात भिरकावली. बाळाला वाऱ्यावर नेलं, अंगावरचं तेल धुतलं, तळपायांना टिचक्या मारल्या. (त्या गावात दवाखाना नव्हता. तुमच्याकडे आहे, तेव्हा माझी गोष्ट आठवत बसू नका, पळा.) आत रिकामा पाळणा करकरत राहिला.

मग बाळ किंचाळलं.

सुनेने झडप घालून त्याला छातीशी घेतलं. शिष्य तिच्या पायांशी कोसळला आणि सकाळचं सगळं, बुवांच्या हसण्यासकट, सांगून मोकळा झाला. बुवांनी घाम पुसला आणि शांत स्वरात ते म्हणाले, "अरे, गुण आणि विष एकाच कुपीत नांदतात, त्यांच्यामध्ये भिंत असते ती केवळ मात्रेची. पण हे नुसतं सांगून मनात ठसत नाही. शिकवणीला योग्य वेळ यावी लागते."

सुनेने मान वर केली.

"बुवा, योग्य वेळ सकाळी होती."