शिंप्याचा उसवलेला टाका

जंगलात नुकते मोबाइल आले होते, तेव्हाची गोष्ट. शिंपी पक्षी पानं शिवून घरटी करून द्यायचा आणि त्यांचे देखणे फोटो टाकायचा. वाहवा करणारे पुष्कळ, गिऱ्हाईक मात्र एकट्या मुनियाबाई. एके दिवशी त्यांनीच फोटोखाली सगळ्यांदेखत लिहिलं, "शिवण उसवली. पिल्लू पडता पडता वाचलं."

"पुसून टाक ते! धंदा बसेल," कावळा म्हणाला.

शिंप्याने ते पुसलं नाही. तो तडक मुनियाबाईंच्या फांदीवर गेला. चुकलेला टाका दाखवून त्याने दुहेरी दोऱ्याने घरटं पुन्हा शिवलं आणि त्या सगळ्याचा व्हिडिओ टाकला.

सकाळी दारात ही रांग! शेवटी कावळा उभा होता, पंखाखाली विस्कटलेलं घरटं धरून.

"शिंपीदादा, माझंही जरा बघता का?"