ओढ्यातली वाट

एका डोंगराच्या उतारावर दोन वाड्या होत्या, एक वरची आणि एक खालची. दोन्हींच्या मधून एक ओढा वाहायचा. वरच्या वाडीतल्या बहुतेक लेकी खालच्या वाडीत दिलेल्या. त्यामुळे भाऊबीज आली की वरची वाडी निम्मी ओस पडायची.

वरच्या वाडीत भैरू नावाचा एक गाडीवान राहत होता. त्याला एकच धाकटी बहीण, ठकू. आईबाप लवकर गेले, तेव्हा भैरूनेच तिला वाढवलं. तिची वेणी घालायलाही तो शिकला होता. वेणी वाकडी व्हायची, पण ठकूने कधी तक्रार केली नाही. पुढे तिचं लग्न झालं आणि ती खालच्या वाडीत नांदायला गेली.

भाऊबीजेला वरच्या वाडीतल्या भावांची शर्यत लागायची. ज्याचा छकडा खालच्या वाडीत आधी पोहोचेल, त्याला मानाचा फेटा. खरा रस्ता डोंगराला वळसा घालून ओढ्याच्या उगमावरून जायचा. त्याने गेलं तर दिवस मोडायचा. पण छकडा सरळ ओढ्यात घातला की घटकाभरात खालची वाडी! म्हणून सगळे ओढ्यातूनच जायचे. सरावही तिथेच चालायचा. दिवाळीच्या पंधरा दिवस आधीपासून बैल, चाकं, पाणी आणि चिखल यांचा नुसता धुमाकूळ.

भैरूचे बैल म्हणजे वारा. तीन वर्षं फेटा त्याच्याच डोक्यावर होता. एका गोष्टीचं मात्र त्याला नवल वाटे. एवढ्या लवकर जाऊनही ठकू घरात नसायची. तो ओट्यावर बसून राही. मग ती लगबगीने यायची, कपाळावर घाम, लुगड्याचा काठ ओला.

"कुठे होतीस गं?" तो विचारायचा.

"इथेच तर होते," असं म्हणून ती हसत आत पळायची.

चौथ्या वर्षी काय झालं, भर ओढ्यात भैरूच्या छकड्याचा आख मोडला. एक चाक निखळून पाण्यात आडवं झालं. मागून बाकीचे छकडे आरडाओरडा करत, पाणी उडवत निघून गेले. भैरू मटकन दगडावर बसला. थोड्या वेळाने त्याने बैल जांभळीच्या सावलीत बांधले, ओवाळणीचं लुगडं असलेलं गाठोडं खांद्यावर टाकलं आणि ओढ्याच्या काठाकाठाने तो पायी निघाला.

या बाजूने तो कधी गेला नव्हता. एका वळणावर त्याला बायकांचं बोलणं ऐकू आलं. काठच्या वाळूत सात-आठ बायका वाकून बसल्या होत्या. प्रत्येकीने हाताने एकेक खड्डा खणला होता. खड्ड्यात हळूहळू पाणी झिरपायचं, ते करवंटीने अलगद उचलून त्या घागरीत ओतत होत्या. शेजारून ओढा वाहत होता, पण त्याचं पाणी तांबड्या मातीच्या काल्यासारखं झालं होतं.

त्यांच्यातली एक ठकू होती. पाठीशी लेकरू बांधलेलं, बोटांना वाळू.

"ठके!"

ती दचकली. तिने चटकन करवंटी पदराखाली लपवली, जणू काही चोरीच करत होती. "दादा? तू पायी? छकडा कुठाय? लागलं तर नाही ना कुठे?"

भैरूने खड्ड्याकडे बोट दाखवलं. "हे काय करतेस?"

"काही नाही रे. पाणी जरा गढूळ आहे, म्हणून झिरे काढतोय."

"कधीपासून?"

ठकूच्या आधी शेजारची म्हातारी बाईच बोलली, "पंधरा दिवस झाले, बाबा. दरसालची गत आहे. तुमचे छकडे ओढ्यात नाचतात आणि इकडे आम्ही वाळू उपसतो. तेच पाणी प्यालं की लेकरांची पोटं बिघडतात."

"मग मला सांगितलं का नाहीस, ठके? तीन वर्षं!"

ठकूने मान खाली घातली. "माहेराकडून येणारी वाट कुणी बंद करतं का, दादा? पाणी काय, चार दिवसांनी निवळेल. पण तू रागावून यायचाच थांबलास तर मी काय करू?"

भैरू तिथेच वाळूत बसला. त्याने तिच्या हातातून करवंटी घेतली आणि घागर भरेपर्यंत एकेक करवंटी पाणी ओतत राहिला. फार वेळ लागला. त्या दिवशी तो सगळ्यांच्या शेवटी पोहोचला आणि पाय धुवायला तेच पाणी पुढे आलं तेव्हा त्याला ते ओतवेना.

वरच्या वाडीत परतल्यावर त्याने पारावर सगळी हकिकत सांगितली. "पुढच्या सालापासून ओढ्यातून नको. वरच्या रस्त्याने जाऊ," तो म्हणाला.

सगळे खो-खो हसले. "आख मोडला तेव्हा अक्कल सुचली होय रे?" पाटलाचा थोरला मुलगा म्हणाला. भैरूखालोखाल त्याचाच छकडा वेगवान होता. "दिवसभर डोंगर चढत कोण बसणार? अन् शर्यत नाही तर सणाला मजा कसली?"

भैरू पारावरून उठून घरी गेला.

वर्ष सरलं. पुन्हा सराव सुरू झाला. ओढ्याकडून चाकांचा खडखडाट ऐकू आला की भैरूचे हात शिवशिवायचे. बैलही कान टवकारून दावं ओढायचे. यंदा ते भलतेच तयारीत होते. एकदा तर त्याने छकडा जुंपलाही. पण पदराखाली लपवलेली ती करवंटी त्याला आठवली. त्याने जू खाली ठेवलं आणि बैलांच्या पाठीवरून हात फिरवला.

पाडव्याच्या पहाटे त्याने मोठी बैलगाडी काढली आणि घरोघर जाऊन विचारलं, "खालच्या वाडीला कुणाला यायचंय का? सावकाश जाणार आहे."

ज्यांना छकडा नव्हता, पायांत बळ नव्हतं, ते सगळे पुढे झाले. एक म्हातारा कुंभार तर काठी टेकत धावतच आला. नऊ वर्षांत त्याने बहिणीचं तोंड पाहिलं नव्हतं. म्हातारे गाडीत बसले, धडधाकट माणसं चालू लागली. चढ आला की सगळे मिळून गाडीला हात लावायचे. वाटेत फराळाची गाठोडी सुटली, गप्पा रंगल्या. ओढ्याच्या उगमापाशी भैरूने सगळ्यांना पाणी पाजलं. तिथे ते इतकं नितळ होतं, की तळातले खडे मोजावेत. संध्याकाळी गाडी खालच्या वाडीत पोहोचली.

दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेच्या सकाळी, भैरूने ठकूची घागर उचलली. "तू बस घरात," तो म्हणाला. पण ठकू ऐकेल तर ना! छकडे जिथून ओढा ओलांडायचे, त्या उताराजवळच्या वाळूत दोघंही झिरे काढायला गेली. बाकीच्या बायकाही होत्याच.

इतक्यात पलीकडून घुंगरांचा आवाज आला. छकडे धावत येत होते, सगळ्यांत पुढे पाटलाचा थोरला. पाण्याच्या कडेला येतो तोच त्याची नजर समोर गेली. तीन वर्षं पहिला आलेला भैरू गुडघे टेकून वाळू उपसत होता. आणि त्याच्या शेजारी, हातात घागर घेऊन, थोरल्याची स्वतःची बहीण उभी होती.

त्याने कासरा करकचून ओढला. मागचे छकडे त्याच्यामागे थांबले.

"आक्के, तू इथे? मी येणार हे ठाऊक होतं ना तुला?"

"ठाऊक होतं म्हणून तर आलेय," ती म्हणाली. "तुझ्याच अंघोळीचं पाणी भरतेय, भाऊ."

थोरल्याने एकदा तिच्या घागरीकडे पाहिलं, एकदा तांबड्या ओढ्याकडे. मग तो खाली उतरला. त्याने बैल सोडले, छकडा पलीकडच्या काठालाच ठेवला, वहाणा हातात घेतल्या आणि दगडांवर जपून पाय टाकत तो अलीकडे आला. त्याच्यामागून एकेक करत सगळे आले. त्या दिवशी पहिला कोण हे कुणी विचारलंच नाही. दुपारपर्यंत सगळे भाऊ घागरी वाहत होते.

तिकडे म्हातारा कुंभार बहिणीच्या दारात पोहोचला होता. तिला आता नीट दिसत नव्हतं. तिने त्याचा चेहरा चाचपला, कानापाशी, लहानपणच्या व्रणावर, बोटं थांबली, आणि ती लहान पोरीसारखी रडू लागली. ओवाळायची वेळ आली तेव्हा तिच्या हातातलं तबक थरथरत होतं. भावाने तिच्या हाताखाली आपला हात धरला, आणि दोघांनी मिळून ती ज्योत ओवाळली.

तात्पर्य एवढंच: सणाला आपण कोणाकडे आधी पोहोचलो यापेक्षा त्यांच्या पाण्यात माती न कालवता पोहोचलो का, हे मोलाचं. सगळ्यांना सोबत घेऊन निघालं की लांबची वाटही सणाचीच होते.