उभं पडणं

“पण जे ताठ उभंच आहे, त्यालाही पडणंच का म्हणायचं, फादर?”

फादर इनास गुलाबाच्या वाफ्याशी उकिडवे बसून कलम बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

लॅटिनमध्ये ब्रदर बावतीसचा हात धरणारा वसईच्या त्या सेमिनरीत कोणी नव्हता, आणि हे तो कोणाला विसरूही देत नसे.

“इंग्रजीत विभक्तीला केस म्हणतात,” तो सांगू लागला. “शब्द आला लॅटिनच्या ‘कासुस’वरून. ‘कासुस’ म्हणजे ग्रीक ‘प्तोसिस’चा नुसता तर्जुमा. दोन्हींचा अर्थ पडणं. द्वितीया, तृतीया कललेल्या, पडलेल्या, हे पटतं. पण प्रथमा तर सरळ उभी. तिलाही केसच?”

“उद्या तुझी गुरुदीक्षा,” फादर म्हणाले. “आणि आज तुला हे सुचतंय?”



उद्या भर चर्चमध्ये, आईसमोर, सगळ्या गावासमोर बावतीसला वेदीपुढं पालथं पडायचं होतं. त्याशिवाय धर्मगुरू होता येत नाही. खोलीत बॅग भरून तयार होती.

“भीती वाटते, फादर.”

“पालथं पडायची?”

“नंतरची. आमच्या गावचा ग्रेगरी दीक्षेनंतर झगा उतरवून परत आला. अजून बाजारात मान वर करत नाही. मीही तसाच पडलो तर...? संध्याकाळच्या एसटीनं घरी जाऊ का?”

फादर उठले. हातातला कलमाचा चाकू उंच धरला आणि सोडून दिला.

बावतीस दचकून मागं सरला. चाकू त्याच्या पायाशी ओल्या मातीत रुतला.

“पडला?”

“पडला.”

“आणि?”

“...उभा आहे.”

“जुने ग्रीक पंडित प्रथमेबद्दल हेच सांगायचे. लेखणी हातातून पडते, पण टोकावर उभी राहते.”

बावतीसचं समाधान झालं नाही. त्यानं चाकू उपटला, तितक्याच उंचीवर धरला आणि सोडला.

चाकू आडवा पडला.

“बघितलंत? माझा आडवाच पडला.”

बोलता बोलता तो वाकला, चाकू उचलला, पात्याची माती झग्याला पुसली आणि मूठ पुढं करून तो फादरांना दिला.

फादरांनी चाकू हातात घेतला.

“आडवा पडला होता ना? मग उचललास कशाला?”